भोंग्यावरचं नाव

भाऊबीजेनंतरचा दुसरा शनिवार, आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेचा दिवस. हजर : बाबा, आई, करुणाताई आणि मी. पाहुणे : वरोऱ्याचा प्रशांत, त्याची आई आणि त्याचे मामा. गैरहजर : मिलिंददादा.

मी अजूनही कुठलीही हकिकत अशीच सुरू करते. चंद्रपूरच्या ज्या कार्यालयात मी भांडार सांभाळते तिथे या सवयीबद्दल मला हसतात, आणि हरवलेली वस्तू शोधायची वेळ आली की माझ्याकडेच येतात. सवय मात्र नोकरीतली नाही, घरातली आहे. आमच्या घरी कुणीतरी सगळं ध्यानात ठेवणं भाग होतं. दादाच्या गोळ्या, आईचा चष्मा, बाबांच्या रोपवाटिकेच्या किल्ल्या, ताईचे अर्ज. मी धाकटी आणि पायाने चपळ, म्हणून ते माझ्याकडे आलं.

आमचं गाव आरमोरीच्या बाजूचं, धानाचं. दिवाळीनंतर अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. एका बाजूला कापलेल्या धानाचे रचलेले पुंजणे, दुसऱ्या बाजूला बाबांनी जंगलातून आणलेलं सरपण, मधून विहिरीकडे जाणारी वाट. नव्या तांदळाच्या भाताचा वास घरात शिरला की आई म्हणायची, आता वर्ष लागलं. बाबा वनखात्याच्या रोपवाटिकेत मजूर म्हणून लागले आणि तिथेच कायम झाले. घराच्या भिंती मातीच्या, पुढची खोली मात्र विटांची, निळ्या रंगाची. त्या खोलीत बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली टीव्ही, आणि टीव्हीवर आईने विणलेला रुमाल. घरातला आवाज म्हणजे सकाळी आईची सुपाची सळसळ आणि संध्याकाळी दादाचं वाचन. तो मोठ्याने वाचायचा. नाटकाच्या संहिता, वर्तमानपत्र, खताच्या पोत्यावरच्या सूचना, काहीही. त्याचा आवाज स्वच्छ होता आणि दुखणं आलं की तोच आवाज आधी बारीक व्हायचा. त्यावरून मला गोळ्या कधी काढायच्या ते कळायचं.

दादाला सिकलसेलचा आजार होता. आमच्या भागात हे नाव सांगून थांबलं तरी चालतं, प्रत्येक वस्तीत एक तरी घर असतं. बाहेरच्या वाचकासाठी एवढंच लिहिते, की हा रक्ताचा आजार आई आणि बाप दोघांकडून येतो, थंडीत आणि श्रमात सांधे ठणकतात, डोळे पिवळे होतात, आणि माणूस मधल्या दिवसांत अगदी चारचौघांसारखा असतो. दादाचं निदान झाल्यावर सगळ्या घराची तपासणी झाली. माझं रक्त साधं निघालं. ताई वाहक निघाली, म्हणजे तिला स्वतःला त्रास नाही, पण नवराही वाहक मिळाला तर मुलाला आजार होऊ शकतो. तिला तसं कार्ड मिळालं. ते तिने सातबारा ठेवायच्या पेटीत ठेवलं आणि वर पेटीलाही कुलूप घातलं.

ताईची दोन स्थळं मोडली. दोन्ही वेळी पाहुणे चहा पिऊन गेले, मुलगी आवडली म्हणाले, आणि मग गावातल्या कुणाकडून तरी दादाचं कळल्यावर निरोप आला नाही. दुसऱ्या वेळी बाबा पुढच्या खोलीत दार लोटून बसले. आईने भात वाढला तसा निवून गेला. आमच्यापैकी कुणी दादाकडे पाहत नव्हतं, आणि पाहत नाही हे त्याला दिसत होतं.

तेव्हा दादा आरमोरीला एका टायपिंगच्या केंद्रात कामाला होता. तिथे इंटरनेट आलं होतं. टेलिफोनच्या तारेवरचं, फार हळू. लग्न जुळवणारी संकेतस्थळं तेव्हा नवीन होती आणि दादाकडे रोज कुणीतरी आपल्या मुलामुलीची माहिती भरून घ्यायला येत होतं. घरी येऊन तो त्यातल्या गमती सांगायचा. माणसं कशी बदलतात, किराणा दुकान म्हणजे व्यापार होतो, दहावी नापास म्हणजे शिक्षण चालू होतं. आईला ते ऐकून हसू यायचं. मग एका रविवारी तो ताईला आणि मला घेऊन केंद्रात गेला आणि ताईची माहिती भरायला बसला.

त्यातले रकाने वाचून आम्ही तिघं बराच वेळ हसलो. कुटुंबाची मूल्ये : पारंपरिक, मध्यम की आधुनिक. ताई म्हणाली, दादा, मध्यम टाक, आपल्याकडे सगळंच मध्यम. छंद म्हणून दादाने वाचन, संगीत आणि प्रवास लिहिलं. ताईचा प्रवास म्हणजे दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर. बाबांची नोकरी झाली वनविभागात. सगळं खरंच होतं, फक्त धुऊन इस्त्री केलेलं. आम्हा चौघांचा फोटो दादानेच काढला होता, अंगणातले पुंजणे चौकटीत येऊ न देता. तो पडद्यावर वरून खाली पट्टीपट्टीने उमटत गेला, आधी ताईचे केस, मग कपाळ, मग आईबाबा, मग मी. त्यानंतर भावंडांचा रकाना आला. दादाने बहीण : एक असं निवडलं. भाऊ या शब्दापुढे आकड्यांची खिडकी उघडली आणि त्याने शून्य निवडलं.

ताईने त्याचा हात धरला. तो म्हणाला, “राहू दे ना वं. मी सोताच काढून राह्यलो मले. तुले कोन बोलनार हाय?” त्याने पुढची कळ दाबली. पान बदलायला बराच वेळ लागला.

आज माझी मुलगी तिच्या फोनवर आमचं घर रोज जगाला दाखवते. सकाळचा नाश्ता, माझं रागावणं, तिच्या बाबांचं घोरणं. मी तिला काही म्हटलं की ती म्हणते, आई, सगळ्यांच्याच घरी असतं, लपवायचं काय त्यात? पण ती चित्रण सुरू करण्याआधी सोफ्यावरची कपड्यांची रास पायाने पलीकडे ढकलते, हे मी पाहिलेलं आहे.

वरोऱ्याच्या लोकांचा फोन आला तेव्हा एक चूक झाली, आणि ती आमच्याच भागातल्या माणसांकडून होऊ शकते अशी होती. बाबांनी त्यांना मंडईच्या दिवशी बोलावलं. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं आणि दंडारीचं लोकनाट्य, रात्री नाटक, आणि घराघरात पाहुणे. बाबांचा हिशेब सरळ होता. त्या दिवशी गाव सजलेलं असतं, सगळ्या घरी चांगलं शिजतं, पाहुण्यांना आमच्या झाडीपट्टीचं नाटकही पाहायला मिळेल. त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. मंडईच्या दिवशी कुणाच्याच घराला दार नसतं. ओळखीचा, अर्ध्या ओळखीचा, सोयऱ्याचा सोयरा, जो येईल तो आत येऊन जेवून जातो, आणि आत आलेला माणूस सगळ्यांची चौकशी करतो.

दादाला आरमोरीला आमच्या मामांकडे पाठवावं असं आईच्या मनात होतं. पण त्या वर्षी गावच्या पोरांनी स्वतः नाटक बसवलं होतं आणि दादा त्याचा प्रॉम्प्टर होता. पडद्याआडून संवाद पुरवणारा माणूस गेला तर नाटकच पडतं. मग असं ठरलं की दादाने सकाळीच शाळेत जायचं, तालमीच्या खोलीत राहायचं, तिथेच जेवायचं. पाहुणे निघाले की मी बोलवायला येईन. दादा बरं म्हणाला. स्वेटर घालून, मफलर गुंडाळून, संहिता काखेत मारून तो उजाडताच निघाला. जाताना आईला म्हणाला, माझ्या वाटणीचे वडे ठेवजो.

गाव समजवायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन दिवस घरोघर हिंडले. कुणी वाकडं बोललं नाही. आपल्या गावच्या पोरीचं जमत असेल तर एक नाव न घेण्यात लोकांना काही वाटत नव्हतं. शेजारच्या पार्बताबाई तेवढ्या बोलल्या. त्या पाटावर लाखोरीची डाळ वाटत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “माह्या तोंडाले कुलूप लावतो मी. पन एवढा सहा फुटी पोरगा, त्याले कोन्या सुपाखाली झाकसान वं?”

पाहुणे आले ते उन्हं चढल्यावर, भाड्याच्या जीपने. प्रशांत शांत वाटला. चप्पल काढताना त्याने ती ओळीत ठेवली, ते मला आवडलं. त्याची आई वरोऱ्याच्या शाळेत शिक्षिका होत्या, उंच, मोकळ्या बोलणाऱ्या. मामा बाजार समितीत काही काम बघत. त्यांना खोलीतल्या प्रत्येक वस्तूची किंमत मनात मांडायची सवय असावी, कारण ते टीव्ही, पंखा आणि रुमाल असं क्रमाने बघत गेले. जय भीम झाला, पाणी झालं. ताई चहा घेऊन आली. प्रशांतच्या आईने तिला जवळ बसवून घेतलं आणि काय वाचतेस म्हणून विचारलं. ताईने खरं सांगितलं, की नोकरीच्या परीक्षेची पुस्तकं सोडून सध्या काहीच नाही. त्या हसल्या.

बाहेर शाळेच्या बाजूने भोंगा चालू होता. मधून गाणी, मधून कुणाचं तरी हरवलेलं पोर, मधून दंडारीची सूचना. एवढ्यात पडवीतून हाक आली आणि बाबांच्या ओळखीचा धानोऱ्याकडचा एक म्हातारा, चारोळीची पुडी हातात घेऊन, थेट आत आला. त्याच्यापर्यंत मी पोचले नव्हते. तो बसायच्या आधीच बोलला, “यशवंतभाऊ, पोट्टा कुठी हाय? तब्येत कशी हाय आता त्याची?”

बाबांनी त्याच्या हातातली पुडी घेतली, ती उगाच उघडून पाहिली आणि बरी हाय म्हणाले. आईने म्हाताऱ्याला हाताला धरून जेवायला म्हणून मागे नेलं. मामांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, कोणाची तब्येत? बाबा म्हणाले, पुतण्याची. आमच्याच घरी लहानाचा मोठा झाला, असंही वर घातलं. बाबा खोटं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ते इतक्या सहज बोलले, की क्षणभर मलाही तो पुतण्या डोळ्यांसमोर दिसला.

मग पानं मांडली. नव्या तांदळाचा भात, कोंबडीचा रस्सा, लाखोरीचे वडे, जवसाची चटणी, वरून सांबार म्हणजे कोथिंबीर. मी वाढत होते आणि कान दाराकडे होते. कोण येतंय, त्याला कुठे अडवायचं, कुणाला मागच्या बाजूने घ्यायचं. दोन बायका आल्या, त्यांना मी अंगणातूनच पार्बताबाईंकडे वळवलं. एक पोरगं दादाला शोधत आलं, त्याच्या हातात वडा कोंबून परत पाठवलं. पंगत निम्मी झाली. प्रशांतची आई जवसाची चटणी कशी करता विचारत होत्या. आई तव्याची आच सांगत होती. मला वाटलं, आता निभावलं.

आणि गाणं थांबलं. नाटक मंडळाच्या वामनचा आवाज आला. नाटकाचं नाव, वेळ, कलावंतांची नावं, देणगीदारांची नावं. मग तो म्हणाला, “आणि आजच्या प्रयोगाचे प्रॉम्प्टर, सिकलसेलसारख्या आजाराची पर्वा न करता महिनाभर रात्र रात्र जागून ज्यांनी तालमी घेतल्या, ते आपल्या गावचे सुपुत्र मिलिंद यशवंत रामटेके. त्यांचा आणि त्यांना घडवणाऱ्या आईवडिलांचा सत्कार पहिल्या अंकानंतर रंगमंचावर होईल.” वामनला वाटलं असावं की नीट ऐकू गेलं नाही. त्याने सगळं पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश.

अख्ख्या गावाला सांगून झालं होतं. मंडळाच्या पोरांना सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं, कारण ती पोरं म्हणजे दादाचीच माणसं, त्यांना वेगळं काय सांगायचं.

मामांनी हात थांबवला. यशवंत रामटेके म्हणजे तुम्हीच ना, असं त्यांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. बाबांचा घास हातात तसाच राहिला. ताई वाढत होती. तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि आत गेली. पेटीचं कुलूप उघडल्याचा आवाज मला ओळखू आला. ती परत आली आणि प्रशांतच्या समोर, पानाच्या बाजूला, तिने ते कार्ड ठेवलं.

“मिलिंद माहा मोठा भाऊ हाय,” ती म्हणाली. पाहुण्यांसाठी सकाळपासून सांभाळलेली शाळेतली भाषा तिची सुटली होती. “त्याले आजार हाय, आज शाळेत बसवला त्याले आमी. मले त्रास नाई, पन माह्या रक्तात हाय, हे त्याचं कार्ड. तुमची चाचनी झाली काय?”

प्रशांतने कार्ड उचलून पुढून मागून वाचलं. नाही झाली, तो म्हणाला, आणि आईकडे पाहिलं. मामा उठायच्या बेतात होते. प्रशांतच्या आईने त्यांना हातानेच बसवलं. त्या बाबांना बोलल्या, आवाज न चढवता. “आजार लपवला, ते मी समजली असती भाऊ. फोटो त आम्हीबी पुसूनपासूनच टाकला. पण पोरगा लपवला? घरात वडे तळून राह्यले अन् पोरगा शाळेत उपाशी?” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “जा, बोलाव त्याले.”

मी पळतच गेले. दादा तालमीच्या खोलीत बाकावर पाय घेऊन बसला होता, गुडघ्याला मफलर बांधलेला. भोंगा त्याच्या डोक्यावरच होता, त्याने सगळं ऐकलं होतं. बोलावतात म्हटल्यावर त्याने आधी संहितेचं पान मुडपून खूण केली. ताई रडते काय, एवढंच त्याने विचारलं. नाही म्हटलं. मग तो उठला. वाटेत तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालला, तेव्हा कळलं की दुखणं सकाळपासूनच आहे.

घरी त्याने सगळ्यांना जय भीम केला आणि प्रशांतच्या शेजारी बसला. आईने वाढलं. प्रशांतच्या आईने विचारलं, ती माहिती कोणी भरली होती. मीच, दादा म्हणाला. मग सोताले काऊन नाई लिहिलं? दादाने वड्याचा तुकडा मोडला.

“जागा नव्हती, बाई.”

मामा हसले, प्रशांतही. त्या मात्र हसल्या नाहीत. मीही नाही. केंद्रातल्या पडद्यावरची ती खिडकी मी पाहिली होती. तिच्यात शून्याखाली बरेच आकडे होते.

पाहुणे पोटभर जेवले. मंडईच्या घरातून उपाशी जात नाहीत. निघताना त्या माउलीने दादाच्या पाठीवर हात ठेवला, ताईला जवळ घेतलं, चाचणी करून कळवतो म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या असं मला अजूनही वाटत नाही. जीप गेल्यावर बाबा रोपवाटिकेत गेले, सुट्टी असून. रात्री नाटक झालं. सत्काराला आई एकटी रंगमंचावर गेली.

फोन आला नाही. काही आठवड्यांनी मी दादाबरोबर केंद्रात होते. तो कुणाची तरी माहिती भरता भरता प्रशांतच्या पानावर गेला. त्यांच्या अपेक्षांमध्ये आता एक नवी ओळ होती : कुटुंबात रक्ताचा आजार नसावा. दादाने ती वाचली. मोठ्याने वाचणारा माणूस, पण ती ओळ त्याने मनात वाचली आणि पान बंद केलं.

घरी ताईला सांगावं की नाही यावर आम्ही वाटभर वाद घातला. शेवटी मीच सांगितलं. ताईने ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी आरमोरीला गेली आणि दादाच्या शेजारी बसून स्वतःची माहिती पुन्हा भरून घेतली. भाऊ : एक. खाली तिने लिहायला लावलं, की भावाला सिकलसेल आहे, मी वाहक आहे, मुलाने आधी चाचणी करावी. दादा म्हणत होता, कोणी येणार नाही. ती म्हणाली, “नाई येऊ दे. पुतन्या म्हनून माह्या वरातीत नाचसीन का तू?” बराच काळ खरंच कुणी आलं नाही. मग ब्रह्मपुरीच्या एका शिक्षकाने पत्राबरोबर आपल्या चाचणीचा कागदच पाठवला. ताई आज तिथे आहे, तिची दोन्ही मुलं धडधाकट आहेत. बाबा मंडईच्या त्या दिवसाबद्दल अखेरपर्यंत बोलले नाहीत. दादाच्या लग्नाची गोष्ट मात्र कुणीच कधी काढली नाही, त्यानेही नाही.

दादा आता आरमोरीला स्वतःचं केंद्र चालवतो. गोळ्या नवीन आहेत, दुखणं कमी आहे. माझ्या मुलीला त्याच्यावर एक चित्रफीत करायची आहे, मामा पडद्याआडून संवाद कसे पुरवतो ते दाखवायला. तिने विचारलं, मामा चालेल म्हणेल ना? मी म्हटलं, मामाला चालतंच सगळं. ते तोंडातून गेलं आणि मी थांबले. आम्ही सगळ्यांनी त्याच्याबद्दल कायम हेच म्हटलं. त्याला चालतं, तो स्वतःच म्हणाला, त्यानेच निवडलं.

तेव्हा मुलीला सांगितलं, मी आधी त्याच्याशी बोलते, तोवर काही टाकू नकोस. चित्रफितीचं विचारीन, ते सोपं आहे. त्याबरोबर दुसरंही विचारायचं आहे. त्या रविवारी शून्यावर बोट ठेवलंस, तेव्हा आमच्यापैकी कुणी तुला थांबवावं असं वाटलं होतं का? या आठवड्याची बाकी सगळी कामं उरकली. दळण आणलं, विजेचं बिल भरलं, आईचा चष्मा बदलला. दादाला फोन लावला तोही दोनदा. एकदा जवसाच्या चटणीबद्दल बोलले, एकदा थंडीबद्दल. ते विचारायचं राहिलं आहे.